कारभारी शेपटाला बसला

टाळ जरा खाली ठेवा, मंडळी. मृदंगबुवा, तुम्हीही बोटांना विसावा द्या. नाम घेतलं, गळा मोकळा झाला — आता थोडं डोकं चालवू. एक प्रश्न विचारतो. घाबरू नका, परीक्षा नाही! सांगा बघू, पुढारी कुठे उभा असतो?

पुढे! — बघा, केवढ्या जोरात उत्तर आलं! तात्यांनी तर हात वर करून सांगितलं. बरोबर आहे, तात्या. मिरवणुकीत पुढे, व्यासपीठावर पुढे, फोटोत मधोमध. असंच बघत आलो आपण. बरं, मग दुसरा प्रश्न. जो सगळ्यांच्या पुढे उभा आहे, त्याला मागे कोण पडलं हे दिसतं कशानं?

सांगा की! माणसाच्या पाठीला डोळे असतात का?

आता या प्रश्नाला पोथी उघडून उत्तर देता येईल. पण आज पोथी बांधलेलीच राहू द्या. आज चिखलातली गोष्ट सांगतो. तुमच्या-माझ्या आजोबांच्या काळातली. ऐका!

खानदेशात तितरी नावाची एक नदी. नदी कसली हो — ओढ्याची थोरली बहीण! पावसाळ्यात काय ती मिजास, आणि होळी आली की नुसती वाळू. त्या नदीवर जुन्या लोकांनी दगडी बंधारा घातला होता. बंधाऱ्याला एक दार. त्या दारातून निघाला पाट, आणि पाटाच्या कडेनं धामणखेडे गावाची सगळी बागायत, एकामागे एक. दाराजवळची जमीन, तिला म्हणायचे मुखाचा फड. पुढे मधला फड. आणि पार तिकडे, टेकाडाच्या पायथ्याशी, जिथं पाट संपतो, तो शेपटाचा फड. एकच पाट, एकच पाणी, फड तीन. राहिलं का ध्यानात? नाही तर गोष्ट कळायची नाही, आणि घरी जाऊन म्हणाल बुवांनी झोपवलं!

आता पाणी एक आणि तहानलेले पुष्कळ म्हटल्यावर भांडण आलंच. म्हणून गाव एक कारभारी नेमायचं. पाण्याचा कारभारी. दार कधी उघडायचं, कुणाला किती पाणी, पाट कुणी उपसायचा — त्याचा शब्द शेवटचा. गावच्या पाटलालासुद्धा मधे बोलायची सोय नाही. एवढा मान! पण, मंडळी, त्या मानाला एक अट चिकटलेली होती. जो कारभारी होईल त्यानं आपलं रान बदलायचं! कारभार हातात आहे तोवर आपली मुखाची जमीन शेपटाच्या कुणाला तरी कसायला द्यायची, आणि आपण त्याचं शेपटाचं रान कसायचं. गावात बोलायची रीतच तशी होती. अमका शेपटाला बसला, असं म्हणायचे. म्हणजे काय? म्हणजे कारभारी झाला!

काय उलटी तऱ्हा आहे की नाही? मान द्यायचा आणि वाईट रान गळ्यात मारायचं! कारण काय? कारण कुणालाच आठवत नव्हतं. वाडवडील करत आले, आपण करतो, एवढंच. आणि चालीचं कारण विसरलं ना मंडळी, की ती मोडायला वाईट माणूस लागत नाही. चांगला माणूस पुरतो.

आधीचा कारभारी होता धुडकू आबा. तपकिरीची डबी कमरेला, शिवी ओठावर, आणि कानानं अर्धा बहिरा — म्हणजे तक्रार करायची सोयच नाही! गोड बोलणं त्याला जन्मात जमलं नाही. पण आयुष्यभर शेपटाला बसला. पाणी सुटलं की कुदळ खांद्यावर टाकून टेकाडाखाली जाऊन उभा राहायचा. तो गेला, आणि गावाला नवा माणूस शोधणं आलं.

आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा दिवस. बंधाऱ्यावरच्या निंबाखाली सभा बसली. आणि सगळ्यांच्या तोंडी एकच नाव — सुकलाल! का नसावं? पस्तिशीचा गडी, शाळा शिकलेला, अंगात कामाचा झपाटा. दुसऱ्याच्या बांधावरचं बोर पडलेलं असलं तरी उचलणार नाही असा सरळ. खोटं कशाला सांगू, असा माणूस आज आपल्याला मिळाला तर आपण त्याला डोक्यावर घेऊ.

सुकलाल उठला. त्याला आतून फार बरं वाटत होतं. आपल्या गावानं आपल्याला हाक मारावी, यापरतं सुख कुठलं? त्यानं हात जोडले. म्हणाला, 'कारभार घेतो. जीव ओतून करतो. पण शेपटाला बसायचं तेवढं सांगू नका. माझ्या रानात मोसंबीची बाग आहे. गहू-हरभरा असता तर बदललं असतं. झाडं काय उपटून डोक्यावर घेऊन जाऊ?'

लोक हसले. बाग सगळ्यांना ठाऊक होती. मुखाच्या फडात, अगदी दाराला लागून. सुकलालच्या बायकोनं, द्वारकानं, ती रोपं कमरेवर घागर घेऊन जगवली होती. एकेका झाडाला तिनं नाव ठेवलं होतं — ही लाडकी, ही रुसकी, ती कोपऱ्यातली आळशी!

सुकलाल पुढे बोलू लागला, 'आणि मला एक सांगा. रान कुठंही असलं म्हणून न्याय बदलतो का? मी घड्याळ आणतो. मुखाला जेवढा वेळ, शेपटाला तेवढाच. मिनिटाचा फरक नाही! माझ्या बागेला थेंब जास्त दिला, तर याच निंबाला मला बांधा.'

वा! वा! माना डोलायला लागल्या. आणि तेवढ्यात मागून आवाज आला, 'सुकलाल, बापा —'

ठगूबाई. शेपटाच्या फडातली विधवा बाई. नवरा गेल्यावर एकटीनं रान कसून सुना-नातवंडांचं घर चालवणारी. म्हणाली, 'तू चोर नाहीस. तुझ्या बापालाही मी पाहिलंय, तोही नव्हता. पण आजवर जो कारभारी झाला तो शेपटाला बसला. तूही बस.'

'ठगूमाय, का बसायचं तेवढं सांग. आत्ता बसतो!'

आली का पंचाईत? तिला सांगता येईना! तिनं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. कुणालाच सांगता येईना. सुकलालनं वाट पाहिली — प्रामाणिकपणे पाहिली हो, तिला खिजवायला नाही. आणि मग गाव म्हणालं, राहू द्या, माणूस चांगला आहे, एवढं काय धरून बसायचं! झालं. कारभारी नेमला गेला.

आता तुम्हाला वाटेल, दुसऱ्या दिवसापासून त्यानं बागेला पाणी पळवलं असेल. अजिबात नाही! मंडळी, तो शब्दाला जागला. त्यानं शहरातून दोन घड्याळं आणली. एक साखळीचं, स्वतःच्या खिशात. एक गजराचं, बंधाऱ्यावर झिपाजवळ. झिपा म्हणजे दार उघडणारा, बंद करणारा पाटकरी. हुकूम असा — दार उघडलं की गजर लावायचा, गजर झाला की दार बंद. समोर कुणी का असेना! आणि सुकलालनं पाट उपसला, फुटके काठ बांधले. सलग दोन वर्षं पाऊस चांगला झाला. पाट कायम ओला, पाणी धावत सुटायचं. गावोगावचे लोक ते घड्याळ बघायला यायचे. तालुक्याच्या साहेबांनी येऊन हार घातला. सुकलाल घरी आला की बागेच्या बांधावर बसायचा. समोर हिरवी झाडं, पायाशी वाहता पाट. त्याला वाटायचं, गाव सुखी आहे. का नाही वाटणार? त्याला दिसत होतं ते सुखीच होतं!

तिसऱ्या वर्षी पावसानं तोंड फिरवलं.

बंधाऱ्यात पाणी कमी. मग पाळ्या लांबल्या. आठवड्याला येणारं पाणी पंधरवड्यावर गेलं. आणि शेपटाची माणसं बांधावर येऊन उभी राहायला लागली. 'दादा, पाणी पोचत नाही.' सुकलाल खिशातून घड्याळ काढायचा. 'मुखाला एवढा वेळ, तुम्हालाही एवढाच. हे बघा, डोळ्यांनी बघा!' काय बोलणार बिचारी? काटा काय खोटं बोलतो? परत जायची. पुन्हा यायची. होता होता सुकलालच्या मनात एक गोष्ट बसली. ती फार वाईट गोष्ट होती. त्याला वाटायला लागलं, ही माणसंच आळशी आहेत. पाटाचं पाणी रानात नेणाऱ्या आपल्या चाऱ्या साफ करत नाहीत, आणि येऊन रडतात.

मंडळी, इथं जरा थांबा. माणूस बिघडतो तो काही एकदम चोरी करून नाही बिघडत. ज्याचं ऐकायचं, त्याचं रडणं त्याला खोटं वाटायला लागतं. तिथून सुरुवात होते. तो प्रामाणिक असला ना, तर जास्तच लवकर! कारण त्याची खात्री असते की माझं काही चुकत नाही.

गव्हाला ओंबी आली. दाणा दुधात होता. एका पाण्याचं काम! ते मिळालं तर वर्षाची भाकर घरात, नाही तर नुसता भुसा. आणि एके दिवशी मधल्या फडातून बोंब उठली — चोर! पाणीचोर!

सुकलाल धावत गेला. बघतो तर काय? मधल्या फडाच्या चारीचं तोंड बुजवलेलं. कशानं? आपल्या अंगावरच्या गोधडीचा बोळा करून! आणि त्या बोळ्यावर, पाण्यात, मांडी ठोकून बसलेली कोण? ठगूबाई! पाळी मधल्या फडाची, आणि ही पाणी शेपटाकडे वळवून बसलेली. ओलीचिंब. थंडीनं ओठ काळे पडलेले. हलायला तयार नाही!

'माय, ऊठ. हे बरं नाही. पाणी चोरणाऱ्याची पुढची पाळी बंद होते, तुला ठाऊक आहे.'

'बंद कर! दंड कबूल आहे मला. पण मी लहान चोर. आधी मोठा धर.'

'कुठला मोठा?'

'तेच तर तू शोधायचं! तू म्हणतोस, पाणी देतो. देत असशील. आमच्यापर्यंत येत नाही. मग मधे कुणीतरी पितंय की नाही?' ती मधल्या फडाच्या माणसांकडे बोट दाखवत होती, आणि ती माणसं तिच्यावर ओरडत होती. 'उद्या शेपटाची पाळी आहे. दार उघडलंस की पाण्याबरोबर चालत ये. शेवटपर्यंत ये! चोर सापडला तर त्याला शिक्षा कर. नाही सापडला, तर मी खोटी. मग आम्ही शेपटाची सगळी घरं गाव सोडून जातो. तुझ्या कारभारात आमची कटकट नको.'

सुकलालला राग आला होता. पण त्याला हेही वाटलं की एकदा यांची तोंडं बंद होऊ देत. तो म्हणाला, 'येतो!'

दुसऱ्या दिवशी सकाळी झिपानं दार उचललं. गजर लावला. पाणी सुटलं, आणि पाण्याच्या टोकाबरोबर सुकलाल निघाला.

मंडळी, तुम्ही कधी पाण्याबरोबर चाललात का? ओल्या पाटातलं पाणी धावतं. पण कोरडा पाट आधी स्वतः पितो! पावसाविना खोलवर तापलेली ती माती, कालचं पाणीही तिनं गिळून टाकलेलं. भेगा पडलेल्या. पाण्याची जीभ पुढे यायची, भेगेत उतरायची, गप्प व्हायची. भेग भरली की पुन्हा वीतभर पुढे. सुकलालची बाग मागे पडली. त्याचं रान दाराशीच, तिथं चालायचं कशाला? आजवर तो इथपर्यंत पाण्याबरोबर कधी आलाच नव्हता. वाटेत खेकड्यांची बिळं. पाणी गुळगुळ करत त्यात जायचं. सुकलाल वाकला, स्वतःच्या हातानं चिखल दाबून बिळं बुजवली, पुन्हा चालला. मधला फड आला. तिथली माणसं चाऱ्यांची तोंडं घट्ट बांधून काठावर बसलेली. 'बघा दादा! एक थेंब घेतला असला तर सांगा!' नव्हता घेतला. कुणीच नव्हता घेतला. सूर्य वर आला. सदरा पाठीला चिकटला. चोर काही सापडेना, आणि पाणी काही पोचेना!

लांबून शेपटाचा फड दिसायला लागला. सगळी घरं बाहेर आलेली. बायामाणसं चारीच्या तोंडाशी कुदळी घेऊन उभी.  सगळी पाटाकडं बघत होती. आणि गहू! मंडळी, सुकलाल शेतकरी होता. त्यानं वाकून एक ओंबी बोटांत दाबून पाहिली. मुखाकडचा गहू कमरेला लागत होता, आणि हा गुडघ्याला. पानं पिवळी, ओंबी वाकडी. ही माणसं बांधावर येऊन रडत होती, तेव्हा या गव्हासाठी रडत होती.

त्यानं खिशातलं घड्याळ काढलं. आणि त्याचे पाय जागीच थांबले.

पाळी संपली होती.

पाणी अजून पहिल्या ढेकळालाही लागलं नव्हतं, आणि पाळी संपली होती! तिकडे बंधाऱ्यावर आता गजर खणखणला असणार. झिपा उठला असणार. इमानी माणूस! हुकूम म्हणजे हुकूम. सुकलालनं तोंडाशी हात धरून हाक मारली, 'झिपाऽऽ! थांऽऽब!' कोण ऐकतंय? पाटात होतं नव्हतं तेवढं पाणी घरंगळत आलं. दोन-चार वाफे ओले केले. मग धार बारीक झाली. मग बंद.

ठगूबाई जवळ आली. रागानं नव्हे हो, ती खरंच विचारत होती. 'सापडला का चोर?'

'सापडला, माय.'

'कोण?'

'मी.'

तेव्हा कुठे त्याला धुडकू आबा आठवला. टेकाडाखाली कुदळ घेऊन उभा असलेला. पाणी त्याच्या मातीला लागलं की तो ओरडायचा — 'लागलंऽऽ!' मग शेजारच्या रानातला ओरडायचा, मग त्याच्या पलीकडचा, असं करत ती हाळी दारापर्यंत जायची. आणि तिथून पाळी सुरू व्हायची! पोरवयात सुकलाल त्या ओरडण्याला हसला होता. गावालाही ती आबाची खोडच वाटायची; घड्याळ आलं आणि सगळेच ती विसरले. आबाचं डोकं फार मोठं नव्हतं, मंडळी. तो तहानलेला होता, एवढंच. शेपटाचं रान तो स्वतः कसत होता! दार उघडलं तेव्हापासून पाळी मोजायची, हे त्याच्या स्वप्नातही आलं नसतं. आणि सुकलालच्या मनात दुसरं काही आलंच नाही, कारण तो दाराशी उभा होता. दार उघडलं की त्याला पाणी मिळतच होतं!

त्याच संध्याकाळी निंबाखाली गाव जमलं. बंधाऱ्यात फार तर एका पाळीचं पाणी राहिलं होतं. आणि पाळी कुणाची? मुखाची! सुकलाल उभा राहिला. आखाजीला उभा राहिला होता तसा नाही. मान खाली होती.

'शेपटाला तीन हंगाम पाणी कमीच गेलं, यंदा तर पोचलंच नाही. कुणी चोरलं नाही. माझ्या मोजण्यात गेलं. आजपासून मी शेपटाला बसलो. ठगूमाय, तुझं रान मला दे. बाग तू घे. बागेची पाळीही तुझीच. तिचं काय करायचं ते तू ठरव.'

मुखाचा एक जण ताडकन उठला. 'चूक तुझी आणि पाणी आमचं का? हुकूम सोडतोस काय आमच्यावर?'

'नाही. हुकूम करायला आज मला तोंड नाही. मागतो. ज्याला आपली पाळी सोडवेल त्यानं सोडावी.'

सगळ्यांनी सोडली का? खोटं कशाला सांगू! सगळ्यांनी नाही सोडली. काहींनी सोडली, काही धोतर झटकून घरी गेले. असंच असतं. गोष्ट सांगायची म्हणून मी गावाला देव करणार नाही.

पण घरी काय झालं ते ऐका. द्वारका चुलीशी बसली होती. तिनं सगळं ऐकलं. म्हणाली, 'मला विचारलंत?'

सुकलाल चिखलाचे पाय धुवायला वळला.

'गावाला विचारलंत. त्या मायला विचारलंत. घागरी मी वाहिल्या. मला विचारलंत?'

 कारभारी शेपटाला बसला, आणि आपल्या घरातलं शेपूट विसरला! बघा, शहाणपण कसं येतं — सगळं एका दिवशी येत नाही.

सकाळी बागेच्या बांधावर ठगूबाई उभी. दार उघडलं, पाणी आलं. पायाशी आलं! थंडगार, भरभरून. आणि द्वारका पदर पसरून तिच्यापुढे येऊन उभी राहिली. 'माय, एक पाणी दे माझ्या झाडांना. पहिला बहार धरलाय. हे पाणी चुकलं तर जातील.'

मंडळी, आता काय करावं त्या बाईनं? पाळी तिची. बाग तिच्या हातात. समोर एक बाई पदर पसरून उभी. आणि शेपटाची माणसं? ती नजरेतच नाहीत! मधे झाडं, वळण, टेकाड. ठगूबाईनं त्या दिशेला पाहिलं. मग म्हणाली, 'पोरी, तीन वर्षं मी तुझ्या नवऱ्याला शिव्या घातल्या. आज इथं उभी राहिले, पाणी पायाशी आलं, आणि मलाही वाटलं, घालावं झाडांना. इथनं शेपटाचं कुणी दिसतच नाही गं. मी तीन वर्षं इथं असते, तर मीही त्याच्यासारखीच झाले असते.'

तिनं द्वारकाचा हात धरला. 'चल माझ्यासंगं. पाण्याबरोबर शेपटापर्यंत जाऊ. तिथं पोचल्यावर तू म्हणालीस बागेला पाणी दे, तर उरलेली पाळी बागेची. माझी आण!'

दोघी निघाल्या. पाणी पुढे, त्या मागे. बिळं बुजवत, थांबत, चालत.  शेपटाला पोचली तेव्हा तिचा नवरा गुडघाभर चिखलात उभा होता. तिनं त्याच्याकडे पाहिलं, त्या पिवळ्या गव्हाकडे पाहिलं, आणि मागे वळून पाहिलं. बाग दिसत नव्हती.

'किती लांब आहे हो हे!' एवढंच म्हणाली.

पाणी आलं. अंगठ्याएवढी जीभ वळवळत आली आणि पहिल्या ढेकळाला लागली. सगळे बघत उभे.  आणि मग ती ओरडली. द्वारका! डोळ्यांतून धार लागलेली, आणि ओरडली — 'लागलंऽऽ!' शेजारच्या रानातून कुणीतरी हाळी पुढे दिली, मधल्या फडानं उचलली, आणि ती पार बंधाऱ्यापर्यंत गेली. झिपानं तेव्हा गजराला किल्ली दिली.

गहू पिकला. पूर्ण नाही, पण घरं गावात राहिली. आणि बाग? बागेतली पुष्कळ झाडं वाळली. लाडकी गेली. द्वारका तिच्या खोडाशी बसून रडली, आणि सुकलाल शेजारी बसून राहिला. तिची समजूत घालायला गेला नाही. तेवढं शहाणपण आता आलं होतं. पुढे तो म्हातारा होईपर्यंत शेपटालाच बसला.

तर मंडळी, पुढारी कुठे उभा असतो? आता सांगा! मघाशी तात्यांचा हात वर होता. आता नाही. बरं झालं. पाणी सगळ्यात शेवटी जिथं पोचतं तिथं ज्याला उभं राहावं लागतं, तो पुढारी. मनानं नव्हे हो! मनानं सगळेच उभे असतात, भाषणात तर रोज असतात. पायांनी उभा! त्याची म्हातारी आजारी पडली की तुमच्याच दवाखान्याच्या रांगेत बसते का? त्याची पोरं तुमच्याच शाळेच्या गळक्या छपराखाली बसतात का? तुमचा रस्ता खचला की त्याची कंबर दुखते का? दुखत नसेल, तर तो कितीही चांगला असू दे. घड्याळ दाखवील आणि म्हणेल, दिलं की तुम्हाला, बरोबर दिलं! आणि ते खोटंही नसेल.

हसू नका. पुढाऱ्यांना चार शब्द लावले की तुम्हाला गोड वाटतं, मला ठाऊक आहे. पण मला एवढंच सांगा, त्या आखाजीच्या सभेत चाल कुणी मोडली? सुकलालनं फक्त मागणी केली. माना कुणी डोलावल्या? तुम्ही! मी! माणूस चांगला आहे, राहू द्या म्हणून त्याला शेपटाची अट कुणी सोडली? एक म्हातारी उभी राहिली, तिला कारण सांगता आलं नाही, म्हणून तिला खाली कुणी बसवलं? आपण चांगल्या माणसाला दाराशी बसवतो, आणि मग तीन वर्षांनी म्हणतो, हा बिघडला!

आणि घरी गेल्यावरही तोच प्रश्न. तुम्ही घरातले थोरले. दुकानाचे मालक. कुणी भजनी मंडळाचे अध्यक्ष. तुमच्या हातात कुठलं ना कुठलं दार आहेच. तुमच्या घरी शेपटाला कोण आहे, ते जाऊन बघा. इथं बसल्या बसल्या डोळे मिटून बघू नका. चालत जा!

माझंही तेच. मीही या उंच जागी उभा आहे, आणि आजवर प्रसादाचं ताट सगळ्यांआधी माझ्यापुढे येत आलंय. मी घेतो, गोड लागतो, आणि मला वाटतं सगळ्यांना मिळाला. शेवटच्या माणसाला काय मिळालं, मी कधी वळून पाहिलेलं नाही. आज पाहू. पुजारीबुवा, ताट तिकडून निघू द्या. चपलांजवळ, दाराबाहेर त्या बाया उभ्या आहेत, आत जागा नाही म्हणून. त्यांच्यापासून. मग मागची रांग. मग मधली. मृदंगबुवा, तुम्हीही थांबा.

मी इथं खाली बसतो. पांडुरंगाचं नाव घ्या, आणि द्यायला लागा. माझ्यापर्यंत पोचलं तर पोचलं.